खाकेवाली टकळी

तिचं टकळी हे नाव मामीने ठेवलं, आणि ते असं काही चपखल बसलं की खरं नाव नातेवाईकही विसरले. सूत काढायची टकळी हात थांबला की थांबते तरी. हिचं तसं नव्हतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं, आणि झोपेत तरी ते मिटतं की नाही याबद्दल मामीला दाट शंका होती.

शाळेसाठी म्हणून आठवीत ती मामाकडे राहायला आली आणि तिथलीच होऊन गेली. मामाचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, घड्याळजी आणि चपलांचं दुकान यांच्या मधे. दुकान कसलं, तर भरतकामाचे खाके छापून द्यायचं, आणि जोडीला सुया-रिळं विकायचं. उशीच्या अभ्र्यावर वेल काढायचीय, टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात गुलाब हवाय, पण हाताला चित्र येत नाही, अशा बायका मामाकडे कापड घेऊन यायच्या. पातळ कागदावर आधी पेन्सिलीने नक्षी काढायची. मग तो कागद घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवून रेघेरेघेवरून सुईने टोचत जायचं. टोचून झालेला कागद उजेडासमोर धरला की बारीक ठिपक्यांतून वेल चमकायची. हा झाला खाका. तो कापडावर पसरायचा, रॉकेलात कालवलेल्या निळीत कापडाचा बोळा बुडवायचा आणि वरून हलक्या हाताने फिरवायचा. कागद उचलला की खाली निळी नक्षी तयार! मामाची नजर कमी झाली तसं टोचायचं काम टकळीकडे आलं. तिची बोटं कायम निळी असायची. केस मागे सारायची सवय, त्यामुळे कपाळही.

हात चालायचा तशीच जीभही चालायची. एका अभ्र्याचा खाका छापायला आलेली बाई खोकल्यावरचा उपाय, शेजारणीच्या सुनेची बातमी आणि पंखा कुठल्या दुकानात चांगला मिळतो हे सगळं घेऊन घरी जायची. मामा पोट हलवत हसायचा आणि म्हणायचा, "आमच्याकडे पोपट छापूनही मिळतो आणि बोलताही मिळतो."

दुकानाचं वर्षाचं सगळ्यांत मोठं काम मुलींच्या शाळेचं. त्या शाळेत सातवीतल्या प्रत्येक मुलीने एक नमुना करायचा, ही फार जुनी रीत. दोन वीत लांबीचं जाडसर पांढरं कापड घ्यायचं. वरच्या ओळींत धावदोरा, उलटी टीप, साखळी, काजटाका, गाठीचा टाका असे सगळे टाके एकाखाली एक. मग क ते ज्ञ अक्षरं. मग आकडे. त्याखाली एक कौलारू घर, एक झाड, दोन पक्षी. सगळ्यांत खाली एक सुवचन आणि काढणारीचं नाव. गावात ज्या घरी जाल तिथे भिंतीवर असा एखादा नमुना काचेत बसवलेला दिसायचाच. कुठे आजीचा, कुठे आईचा. 'आमच्या घरात दोन नमुने आहेत, एक भिंतीवर आणि एक हे बसलेत खुर्चीवर,' हा विनोद बायका नवऱ्याकडे बघून इतक्यांदा करायच्या की नवरेच आधी हसायचे.

नमुने करून घ्यायचं काम शिवणाच्या बाईंकडे. या बाई शब्दाला महाग. वर्गात आल्या की चष्मा पुसायच्या आणि हात पुढे करायच्या. मुलीने कापड दिलं की ते सरळ उलटं करायच्या. पुढची बाजू बघायच्याच नाहीत. "पुढून सगळेच छान दिसतात," त्या म्हणायच्या, "मागून दाखव." मागे लोंबते धागे दिसले, गाठ दिसली, एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडी मारलेला दोरा दिसला, की कात्रीची टोकं तिथे टेकवायच्या. बोलायच्या नाहीत. मुलगी समजायची.

सुवचन मात्र मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः ठरवायच्या. त्या वर्षीच्या सातवीने त्यांना अगदी जेरीस आणलं होतं. वर्ग म्हणजे भरलेला मासळीबाजार. बाई फळ्याकडे वळल्या की कुजबुज, दाराबाहेर पडल्या की कल्लोळ. तेव्हा एके दुपारी शिवणाच्या बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "सातवीचे नमुने. वाक्य आहे, मौन हे भूषण."

टकळी खळखळून हसली. "अहो बाई, हा टोमणा मुलींना की मला?"

"मुलींना," बाई म्हणाल्या. दारापर्यंत गेल्यावर मागे वळून म्हणाल्या, "तुलाही चालेल."

दुसऱ्या दिवशी टकळीने कागद पसरला. टाक्यांच्या ओळी झाल्या, अक्षरं झाली, कौलं झाली. घड्याळजीची बायको नातवाच्या दाताबद्दल सांगत समोर बसली होती आणि टकळी तिला आपल्या धाकट्या भावाचा दात कसा पडला ते सांगत होती. पेन्सिल 'मौन हे' पर्यंत आली, आणि आतून मामीची हाक आली, "अगं, दूध बघ! दूध!"

"बघते गं मामी! दूध काय पळून जातंय?" टकळी ओरडली. तेवढ्यात हातातलं अक्षर पुरं केलं, आत धावली, दूध उतरवलं, परत येऊन उरलेलं 'षण' लिहिलं, दाताची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली आणि सगळं टोचून काढलं.

जीभ दूध म्हणत होती, हाताने तिचं ऐकलं. खाक्यावर उमटलं होतं, 'मौन हे दूषण'.

मामाने कापडं छापली तेव्हा त्याचं सगळं लक्ष कडा सरळ येताहेत की नाही इकडे. गठ्ठा शाळेत गेला. मुलींना मात्र पहिल्याच दिवशी दिसलं. मागच्या बाकावरून पुढच्या बाकापर्यंत एक खसखस पिकत गेली. एक म्हणाली, बाईंना सांगू या. दुसरीने तिला असा चिमटा काढला की ती पुन्हा काही म्हणाली नाही. आणि मग त्या वर्गाने, जन्मात पहिल्यांदा, एकजुटीने तोंड बंद ठेवलं! शिवणाच्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. सगळ्या माना खाली, सुया वरखाली. मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना दोन मिनिटं थांबल्या आणि सुवचनाचा गुण लगेच दिसला म्हणून समाधानाने पुढे गेल्या. शिवणाच्या बाई रोज कापडं उलटी करून बघत होत्या. मागून वाचायला गेलं तर सगळीच अक्षरं उलटी.

नमुने पुरे झाल्यावर काच बसवायला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फ्रेमवाल्याकडे गेले. हा तरुण माणूस कामाला एकदम चोख. पण काहीही विचारा, उत्तर एकच, 'बघू'. फ्रेम उद्या मिळेल का? बघू. चहा घेणार? बघू. लोक त्याला बघूच म्हणायला लागले होते. फ्रेमच्या मागे ठोकायच्या बारीक चुका तो ओठांत धरून काम करायचा. काहींचं म्हणणं, म्हणून तो बोलत नाही. पण चुका नसल्या तरी तो बोलत नसे.

पहिल्याच नमुन्याला काच लावताना त्याने वाक्य वाचलं. त्याने दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग हातोडी खाली ठेवून तो सरळ खाकेवाल्यांच्या दुकानात गेला.

"ते... नमुने..." त्याने सुरुवात केली.

"नमुने ना? बसा ना, उभे का?" टकळी म्हणाली. "यंदा काय सुरेख झालेत म्हणे! मी अजून पाहिले नाहीत हं, पण सातवीतली एक रोज इथून जाते, तिने सांगितलं. तुमच्या काचा मात्र धुऊन लावा, गेल्या वर्षी एकीवर बोट उठलं होतं, तुमचं नसेल, गिऱ्हाइकाचं असेल. गर्दी फार असते का हो तुमच्याकडे? तुम्ही एकटे कसं सांभाळता?"

थोड्या वेळाने फ्रेमवाला दुकानातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात सुयांचं पाकीट होतं. दोन दिवसांनी पुन्हा आला, रीळ घेऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो काय सांगायचं ते घरून पाठ करून आला होता. या वेळी त्याने सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान नेलं. मामी आतून बघत होती. "हा मेला शिवण शिकतोय की काय?" ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेचा हॉल फुलून गेला. चारी भिंतींना नमुने ओळीने टांगलेले. दार उघडायच्या आधी मोठ्या बाई नजर टाकायच्या, पण त्या दिवशी पाहुणे लवकर आले आणि त्या पाहुण्यांबरोबरच आत शिरल्या. पहिल्या नमुन्यासमोर त्या हसतमुख उभ्या होत्या. दुसऱ्यासमोर हसू थोडं कमी झालं. तिसऱ्यासमोर त्यांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात एका मुलीच्या आजोबांनी खणखणीत आवाजात वाचलं, "मौन हे दूषण! वा! अगदी लाखमोलाचं बोललात."

शेजारच्या आजी म्हणाल्या, "मी लग्न झाल्यापासून यांना हेच सांगतेय. आता भरतकामात लिहून आलं तेव्हा पटलं!"

हॉलभर हशा पिकला. एक आई गर्दीतून वाट काढत मोठ्या बाईंजवळ आली आणि त्यांचे हात धरून म्हणाली, "बाई, किती वेगळं वाक्य निवडलंत! आमची घरी घुम्यासारखी बसायची. महिनाभर झाला, रोज शाळेतलं सगळं सांगते." मोठ्या बाईंना हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. त्यांनी शिपायाला हळूच सांगितलं, "खाकेवाल्यांच्या त्या मुलीला घेऊन या. आत्ता."

टकळी निळ्या बोटांनिशी धापा टाकत ऑफिसात आली. टेबलापाशी मोठ्या बाई, बाजूला शिवणाच्या बाई आणि कोपऱ्यात फ्रेमवाला. तो खिळे ठोकत होता म्हणून त्यालाही बोलावलं होतं. मोठ्या बाईंनी एक नमुना तिच्यापुढे धरला. "वाच."

टकळीने वाचलं. पुन्हा वाचलं. मग जे कोणी पाहिलं नव्हतं ते घडलं. टकळीला शब्द सुचेना.

"दूध," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"दूध उतू चाललं होतं, बाई." आणि मग दूध, मामी, घड्याळजीच्या नातवाचा दात, सगळं धबधब्यासारखं बाहेर आलं. शेवटी तिचे डोळे भरून आले. "माझी चूक आहे, बाई. मुलींची काही नाही. मी बसून सगळे उसवून देते, नीट छापून देते. पण मुलींना बोलू नका."

मोठ्या बाई शिवणाच्या बाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही, बाई? इतके दिवस रोज कापडं तुमच्या हातात!"

"मी मागून बघते," शिवणाच्या बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही हो? तुम्ही तर एकेकाला काच लावलीत!"

फ्रेमवाल्याने ओठांतल्या चुका काढून तळहातावर घेतल्या. "सांगायला गेलो होतो," तो म्हणाला. "तीनदा."

"मग?"

त्याने टकळीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "बोलायला जागा मिळाली नाही."

मोठ्या बाईंचे ओठ थरथरले. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले ते लपेनात. सारी शाळा ज्यांना वचकून असायची त्या मोठ्या बाई टेबलावर हात टेकून डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. टकळीला आधी कळेना हसावं की रडावं. मग तिने दोन्ही केलं.

हसू ओसरल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "पण हे दुरुस्त तर करायला हवं."

"नको," शिवणाच्या बाई म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, कारण त्या थांबल्या नाहीत. "उसवलं की कापडाला भोकं पडतात. आणि इतक्या वर्षांत इतके स्वच्छ नमुने झाले नाहीत. मागून बघा, एक गाठ दिसत नाही. या पोरी मन लावून बसल्या. का बसल्या ते मला आज कळलं. पण बसल्या. ते मी कात्रीने कापणार नाही." एवढं बोलून त्यांना दम लागला आणि त्या खुर्चीवर बसल्या.

शेवटी ठरलं, जिला दुरुस्त करायचं तिने करावं. वर्गातून एकीनेच केलं, आणि ती मोठ्या बाईंची भाची होती. तिलाही ते घरच्या धाकाने करावं लागलं आणि पुढे कित्येक दिवस ती मैत्रिणींच्या नमुन्यांकडे हेव्याने बघायची.

निघताना शिवणाच्या बाईंनी टकळीला थांबवलं. "तू स्वतः कधी नमुना काढलायस?"

"मी? नाही हो बाई. मी नुसते टोचते. आमच्या गावच्या शाळेत नव्हतं हे, आणि इथे आले ती आठवीत..."

"शनिवारी घरी ये."

तेव्हापासून दर शनिवारी टकळी बाईंच्या खिडकीपाशी बसायला लागली. आयुष्यभर ज्या वेली तिने ठिपक्यांनी काढल्या होत्या त्या दोऱ्याने भरताना तिला घाम फुटायचा. साखळी वाकडी जायची, गाठीचा टाका सुटून यायचा, बोलण्याच्या नादात सुई बोटात शिरायची. बाई काही म्हणायच्या नाहीत. पण टकळीच्या लक्षात आलं की तिची गोष्ट अर्धी राहिली की बाई चहाचा दुसरा कप ठेवतात. एकदा ती ताप आला म्हणून गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दुकानात आल्या आणि विचारलं, "त्या चपलांच्या दुकानदाराच्या बहिणीचं पुढे काय झालं?"

नमुना पुरा झाला. घराच्या जागी तिने मामाचं दुकान काढलं होतं, झाडाच्या जागी निळीची वाटी, आणि दोन पक्ष्यांच्या जागी मामा-मामी. सुवचन तिने काढलंच नाही. "माझा भरवसा नाही," ती म्हणाली. बाईंनी सवयीप्रमाणे कापड उलटं केलं. मागे नुसतं रान माजलं होतं. धागे इकडून तिकडे, तिकडून इकडे, एकमेकांच्या गळ्यात पडलेले. टकळी श्वास रोखून कात्रीची वाट बघत होती. बाईंनी कात्री घेतलीच नाही. "अगदी तुझ्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "एकही धागा गप्प नाही." आणि त्या हसल्या.

टकळी कापड फ्रेमवाल्याकडे घेऊन गेली. "केव्हा द्याल?"

"बघू."

चार दिवसांनी तो फ्रेम कागदात गुंडाळून स्वतःच दुकानात आला. टकळीने कागद काढला, फ्रेम उलटी केली, आणि तिला मागेही काचच दिसली. काचेतून ते सगळं रान लखलखीत दिसत होतं.

"अहो, मागे पुठ्ठा नाही लावलात?"

"मागची बाजू झाकवेना."

टकळीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने वाट पाहिली. दुकानात इतकी शांतता झाली की पलीकडची घड्याळं ऐकू आली. आत मामीने हातातलं भांडं न वाजवता खाली ठेवलं.

फ्रेमवाल्याचे कान लाल झाले. "मी सुया विकत घेतल्या," तो म्हणाला. "रीळ घेतलं. मला काही शिवता येत नाही." मग एक मोठा श्वास घेऊन, "लग्न कराल माझ्याशी?"

"बघू," टकळी म्हणाली.

पण ते काही तिला झेपलं नाही. तो पायरी उतरायच्या आत ती म्हणाली, "हो, हो, करीन, अहो थांबा, कुठे चाललात?" आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी घड्याळजी, चपलांचं दुकान, शिवणाच्या बाई आणि रस्त्याने जाणारे दोन अनोळखी लोक, सगळ्यांना कळली होती. मामा पोट हलवत हसला. मामी म्हणाली, "एक बोलत नाही, एक थांबत नाही. दोघांचं मिळून एक बरोबर माणूस होईल."

लग्न झालं. फ्रेमवाल्याने आपलं सामान खाकेवाल्यांच्या मागच्या खोलीत आणलं. पुढे छापायचं, मागे मढवायचं. पुढच्या वर्षी नमुन्यांची वेळ आली तेव्हा मोठ्या बाई स्वतः वाक्य घेऊन आल्या. खाका टोचून होईपर्यंत स्टुलावर ठाण मांडून बसल्या, पेन्सिलीने लिहिल्यावर एकदा वाचलं, टोचल्यावर उजेडासमोर धरून एकदा वाचलं. वाक्य बिनचूक होतं. तरी त्या उठल्या नाहीत. दिवे लागायच्या वेळी शिपाई त्यांना शोधत आला तेव्हा त्या टकळीला आपल्या भाचीच्या खोड्या सांगत होत्या आणि त्यांचं बोटही निळं झालं होतं.

आता टकळीचे केस पांढरे झालेत. मामाचं स्टूल तिच्याकडे आलंय. मुली फोनमधला फोटो दाखवतात, हे असंच काढून द्या म्हणतात, आणि ती कागद पसरून काढून देते. शिवणाच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर शनिवारचा वर्ग तिने दुकानात सुरू केला. येतील त्या सगळ्यांना ती नमुना शिकवते. शाळेतल्या मुली येतात, बँकेतली एक बाई येते, गेल्या वर्षापासून एक निवृत्त बसड्रायव्हर येतात आणि त्यांची साखळी सगळ्यांत सरळ असते. घड्याळजीचा मुलगा तक्रार करतो की शनिवारी त्याला एकाही घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही.

वर्ग सुटला की फ्रेमवाला खाली पडलेले धागे झाडून गोळा करतो. टकळी डबे लावत असते आणि अर्धवट राहिलेलं काहीतरी सांगत असते. मधेच तिला आठवतं की निळीची वाटी झाकायची राहिली, म्हणून ती आत जाते. बाहेर आल्यावर विसरते आपण कुठे होतो.

केरसुणी हातात धरून तो उभा असतो. "मग," तो म्हणतो, "ड्रायव्हरसाहेबांच्या सूनबाईंनी काय उत्तर दिलं?"